नवे कार्ड आले, हे प्रोग्रामला कळावे कसे?

तिसरा_स्लॉट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

माझ्या मावसभावाचा सांगलीत लग्नकार्याच्या छायाचित्रणाचा स्टुडिओ आहे आणि त्याच्यासाठी मी विंडोजवर चालणारा एक छोटा प्रोग्राम सी++ आणि क्यूटी (खिडक्या वगैरे बांधण्याचा साधनसंच) वापरून लिहिलेला आहे. काम ऐकायला अगदी साधे आहे. रात्री उशिरा कार्यालयातून परतलेला मुलगा कॅमेऱ्यांतली मेमरी कार्डे एकेक करून कार्ड रीडरमध्ये घालतो. प्रोग्रामने कार्ड आल्याचे स्वतःहून ओळखावे, त्यातली छायाचित्रे संगणकाच्या डिस्कवर आणि शेजारी जोडलेल्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर अशी दोन ठिकाणी उतरवावीत, दोन्ही प्रती मूळ फाइलशी ताडून पाहाव्यात आणि मगच पडद्यावर हिरवी पट्टी दाखवावी. हिरवी पट्टी दिसल्याशिवाय कोणतेही कार्ड फॉरमॅट करायचे नाही, असा तिथला नियम आहे. या कामात माऊसला हात लावावा लागू नये असा माझा आग्रह होता, कारण रात्री एक वाजता थकून आलेल्या माणसाला ‘कोणता ड्राइव्ह निवडू?’ असे विचारले की कधी ना कधी तो चुकीचा ड्राइव्ह निवडणारच.

पहिल्या आवृत्तीत मी सर्वांत सोपा मार्ग धरला. दर दोन सेकंदांनी ड्राइव्हांच्या अक्षरांची यादी घ्यायची, आधीच्या यादीशी ताडायची आणि नवे अक्षर दिसले की कार्ड आले असे मानायचे. माझ्या घरच्या संगणकावर पेनड्राइव्ह लावून हे उत्तम चालले. स्टुडिओत मात्र पहिल्याच दिवशी काहीच घडले नाही. तिथला कार्ड रीडर तीन स्लॉटांचा होता आणि तो कायम जोडलेला असल्यामुळे ई, एफ आणि जी ही अक्षरे कार्ड असो वा नसो, यादीत सदैव हजर होती. कार्ड घातल्यावर नवे अक्षर येतच नव्हते.

त्यावर मी प्रत्येक अक्षरासाठी व्हॉल्यूमचे, म्हणजे कार्डावरच्या साठवणीच्या विभागाचे, नाव विचारू लागलो. रिकाम्या स्लॉटाला नाव विचारले की ‘उपकरण तयार नाही’ ही २१ क्रमांकाची त्रुटी परत येते आणि कार्ड असेल तर नाव मिळते, म्हणून नाव मिळाले किंवा बदलले की कार्ड आले, असा हिशेब मी बांधला. इथेच माझी मोठी चूक झाली. दोन्ही कॅमेरे एकाच कंपनीचे होते आणि दोन्ही कॅमेऱ्यांनी फॉरमॅट केलेल्या कार्डांना एकच नाव मिळत होते. एका रात्री मुलाने पहिले कार्ड काढून त्याच स्लॉटात दुसरे कार्ड दोन सेकंदांच्या आत घातले. प्रोग्रामच्या दृष्टीने आधीही तेच नाव होते आणि नंतरही तेच नाव होते, त्यामुळे त्याला काहीच बदललेले दिसले नाही आणि पहिल्या कार्डाची हिरवी पट्टी पडद्यावर तशीच राहिली. दुसऱ्या कार्डावर सप्तपदीपासून पुढची सगळी छायाचित्रे होती. मावसभाऊ अल्बमची निवड होईपर्यंत कार्डे डबीत बाजूला ठेवतो, केवळ म्हणून ती वाचली. ती डबी उघडून कार्ड पुन्हा रीडरमध्ये घालताना माझे हात थरथरत होते, हे मी आजही विसरलेलो नाही.

त्यानंतर हा विषय मी नीट अभ्यासायला घेतला. पेनड्राइव्ह खोचल्यापासून फाइल वाचता येईपर्यंत मध्ये बऱ्याच पायऱ्या असतात. यूएसबी हबला विद्युतपातळीतला बदल जाणवतो, संगणक उपकरणाला त्याचा परिचय विचारतो, उपकरण आपला वर्ग साठवणीचा असल्याचे सांगते, त्यानुसार ड्रायव्हर चढतो, मग डिस्कची क्षमता विचारली जाते, विभागांचा तक्ता वाचला जातो, प्रत्येक विभागाचा व्हॉल्यूम तयार होतो, त्यावरची फाइल प्रणाली ओळखली जाते आणि सर्वांत शेवटी अक्षर मिळते. ‘उपकरण आले’ ही सूचना यांपैकी कोणत्याही पायरीवर मिळू शकते, आणि पहिल्या पायरीवरची सूचना ऐकून शेवटच्या पायरीवरचे काम करायला गेलो तर हाती काहीच लागत नाही.

विंडोज प्रत्येक मुख्य खिडकीकडे डब्ल्यूएम_डिव्हाइसचेंज हा संदेश पाठवते. त्यासोबतचे मूल्य षोडशमान ८००० असेल तर काहीतरी आले आणि ८००४ असेल तर काहीतरी गेले. आलेली गोष्ट व्हॉल्यूम असेल तर सोबत ३२ बिटांचा एक संच येतो, ज्यात पहिला बिट ए अक्षराचा, दुसरा बीचा असा क्रम असतो. त्यात एकापेक्षा अधिक बिट लागलेले असू शकतात, म्हणून पहिला बिट सापडताच थांबू नये. त्याच रचनेत एक झेंडा (चालू-बंद खूण) असतो, जो ड्राइव्ह नवा नसून ड्राइव्हमधले माध्यम बदलले आहे असे सांगतो. माझ्या तीन स्लॉटांच्या रीडरला नेमके हेच हवे होते, आणि आता कार्ड घालताच मला तो झेंडा लागलेला संदेश मिळतो.

माझे प्रश्न असे आहेत. केवळ या संदेशावर विसंबावे का? संदेश मिळाल्यावर लगेच कार्ड वाचायला घ्यावे की थांबावे? आणि ‘हे कार्ड तेच की दुसरे’ हे खात्रीने कसे ठरवावे? पुढे हाच प्रोग्राम लिनक्सवर न्यायचा विचार आहे, म्हणून तिकडचा अनुभव असलेल्यांनीही अवश्य लिहावे.

जुनी_विंडोज

धागा आवडला, कारण यात बारकावे फार आहेत आणि मराठीत यावर सलग लिहिलेले माझ्या पाहण्यात आलेले नाही. माझा या कामातला अनुभव व्हिज्युअल बेसिकच्या काळापासूनचा आहे, तेव्हा विंडोजपुरते सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे संदेश हाताळणाऱ्या फंक्शनमध्ये कोणतेही खरे काम करू नका. हा संदेश प्रणाली सर्व खिडक्यांना पाठवून उत्तराची वाट पाहत असते, त्यामुळे आपण तिथेच फोल्डर उघडून बसलो तर आपली खिडकी गोठते आणि प्रणालीही आपल्यासाठी खोळंबते. शिवाय या फंक्शनमधून डब्ल्यूएमआयला (प्रणालीची माहिती देणाऱ्या विंडोजच्या सेवेला) काही विचारायला गेलात तर ती विनंतीच नाकारली जाते, कारण अशा संदेशाच्या मध्यावर दुसऱ्या प्रोसेसकडे कॉम (विंडोजमधली प्रोग्रामांच्या परस्परसंवादाची पद्धत) विनंती करण्याची मुभा नसते. मी या त्रुटीमागे दोन दिवस घालवले होते. फंक्शनमध्ये फक्त बिटांची नोंद घ्या, स्वतःच्या रांगेत एक निरोप टाका आणि परत फिरा. बाकीचे काम वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे समांतर चालणाऱ्या धाग्यावर, करा.

दुसरी गोष्ट खिडकीची. काही जण या कामासाठी फक्त निरोपांपुरती अदृश्य खिडकी तयार करतात आणि मग संदेश येत नाही म्हणून हैराण होतात. अशा खिडकीपर्यंत सर्वांना उद्देशून पाठवलेले संदेश पोहोचतच नाहीत. साधी मुख्य खिडकी लपवून ठेवली तरी तिला ते मिळतात. निरोपांपुरतीच खिडकी वापरायची असेल, तर रजिस्टरडिव्हाइसनोटिफिकेशन हे फंक्शन बोलावून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. विंडोज सेवा लिहीत असाल तर तिला खिडकी नसतेच, तिथे हीच नोंदणी सेवेच्या हँडलवर (प्रणालीने दिलेल्या ओळखखुणेवर) करतात. ही नोंदणी व्हॉल्यूमच्या वर्गासाठी केली तर आणखी एक लाभ होतो. अक्षर न मिळालेले व्हॉल्यूमही कळतात, जे तुमच्या बिटांच्या संचात कधीच दिसणार नाहीत.

तिसरी गोष्ट तुमच्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कची आहे. ड्राइव्हचा प्रकार विचारणारे गेटड्राइव्हटाइप हे फंक्शन पेनड्राइव्हला सहसा ‘काढता येण्याजोगा’ म्हणते, पण यूएसबीने जोडलेल्या हार्ड डिस्कला मात्र ‘स्थिर’ म्हणते. त्या प्रकारावर गाळणी लावली की बाहेरची डिस्क प्रोग्रामला दिसेनाशी होते. डिस्क यूएसबीवर आहे का, हे हवे असेल तर साठवण ड्रायव्हरलाच बस (जोडणीचा मार्ग) कोणती ते विचारावे लागते.

तिसरा_स्लॉट

मनःपूर्वक आभार. ‘स्थिर’ डिस्कचा अनुभव मलाही आला होता, पण त्याचे कारण आज कळले. दुसरी प्रत कोणत्या डिस्कवर जाते हे मी प्रकार पाहून ठरवत होतो आणि ती डिस्क सापडत नव्हती, म्हणून शेवटी तिचे अक्षर प्रोग्राममध्ये कायमचे लिहून टाकले होते. ते आजच काढतो. एखाद्या दिवशी ते अक्षर दुसऱ्याच डिस्कला मिळाले असते, तर छायाचित्रे भलत्याच ठिकाणी गेली असती.

खुणेचा_दगड

मला या सगळ्यात एक मूलभूत मुद्दा मांडायचा आहे. आपण संदेशाला सत्य मानतो, तिथे चूक होते. प्रोग्राम सुरू होण्याआधीच कार्ड रीडरमध्ये असेल तर त्याचा संदेश कधीच येणार नाही. संगणक झोपेतून जागा झाला, तेव्हा मधल्या वेळात कार्ड बदलले असेल तर नेमके कोणते संदेश कोणत्या क्रमाने येतील याचा भरवसा धरता येत नाही. उलट एकच पेनड्राइव्ह लावल्यावर उपकरणाचा, व्हॉल्यूमचा आणि ‘उपकरणांच्या यादीत काहीतरी बदलले’ असा, मिळून तीन-चार संदेश येतात. त्यामुळे संदेशाला दारावरची थाप समजावे. थाप ऐकून उठावे, पण कोण आले आहे ते दार उघडून आपल्या डोळ्यांनी पाहावे.

व्यवहारात याचा अर्थ असा, की प्रोग्रामजवळ त्या क्षणी जोडलेल्या व्हॉल्यूमांची स्वतःची यादी असावी. कोणताही संदेश आला की अर्धा सेकंद थांबावे, त्या अवधीत आणखी संदेश आले तर घड्याळ पुन्हा शून्यावर आणावे, आणि शांतता झाली की प्रत्यक्ष यादी नव्याने घेऊन जुन्या यादीशी ताडावी. जे नवीन दिसेल ते आले, जे दिसत नाही ते गेले. एखादा संदेश हुकला तरी पुढच्या संदेशाच्या वेळी यादी आपोआप दुरुस्त होते आणि एकाच घटनेचे चार संदेश आले तरी काम एकदाच होते. जागे झाल्याचा संदेश आला तरी हीच ताडणी करावी. अपवाद फक्त माध्यम बदलल्याच्या झेंड्याचा. तो लागलेला दिसला की यादी सारखी दिसत असली तरी त्या स्लॉटाची जुनी नोंद रद्द करून कार्ड नवे आहे असेच धरावे.

सुरुवातीचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी संदेशांची नोंदणी करावी आणि मगच पहिली यादी घ्यावी. उलट केले तर यादी घेणे आणि नोंदणी होणे यांच्या मधल्या फटीत आलेले कार्ड कोणालाच दिसत नाही. नोंदणी आधी केली तर फार तर एखादे कार्ड दोनदा दिसेल, आणि ताडणीत ते एकच ठरेल.

पेंगुइनवाली

लिनक्सबद्दल विचारले आहे म्हणून लिहिते. इथे कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, नव्या उपकरणाची वार्ता नेटलिंक या अंतर्गत वाहिनीवरून प्रसारित करतो, ती युडेव्ह ही सेवा ऐकते, आपल्या नियमांनुसार उपकरणाची माहिती गोळा करते आणि मग ती वार्ता पुढे पाठवते. लिबयुडेव्ह ही लायब्ररी वापरून ऐकताना ‘कर्नल’ आणि ‘युडेव्ह’ असे दोन स्रोत निवडता येतात. नवखा माणूस पहिला निवडतो, कारण तो मुळाजवळचा वाटतो, पण त्या क्षणी नियम चाललेले नसतात, उपकरणाची फाइल प्रणाली ओळखलेली नसते आणि परवानग्याही लागलेल्या नसतात. आपल्याला दुसरा स्रोत हवा असतो.

त्यातही युडेव्हकडून विभाग तयार झाल्याचे कळते, तो माउंट झाल्याचे, म्हणजे फोल्डर म्हणून उघडता येऊ लागल्याचे, कळत नाही. डेस्कटॉप प्रोग्रामसाठी युडिस्क्स२ ही सेवा अधिक योग्य आहे. ती डी-बसवर (प्रोग्रामांमधल्या निरोपांच्या वाहिनीवर) असते, नव्या उपकरणाची वस्तू तयार झाली की सूचना देते आणि त्या वस्तूच्या फाइल प्रणालीच्या गुणधर्मांत माउंटची ठिकाणे येतात. ती यादी रिकामी असेपर्यंत थांबायचे आणि त्यात मार्ग आला की काम सुरू करायचे. उबुंटूवर हा मार्ग मीडिया या फोल्डरखाली वापरकर्त्याच्या नावाने असतो, तर फेडोरावर तो रन फोल्डरातल्या मीडियाखाली असतो, म्हणून मार्ग स्वतः रचू नका, सेवेने दिलेलाच वापरा. आपोआप माउंट करण्याचे काम डेस्कटॉपचे सत्र करत असते, तेव्हा सत्राविना चालणाऱ्या संगणकावर माउंट करण्याची विनंतीही प्रोग्रामलाच करावी लागेल.

एक सापळा आवर्जून सांगते. काही प्रोग्राम आयनोटिफाय (फोल्डरातले बदल कळवणारी कर्नलची सोय) वापरून मीडिया फोल्डरवर पाळत ठेवतात आणि आत नवे फोल्डर दिसले की कार्ड आले असे मानतात. फोल्डर आधी तयार होते आणि माउंट त्यावर नंतर होते, त्यामुळे प्रोग्राम ते फोल्डर उघडतो तेव्हा ते रिकामे असण्याची शक्यता मोठी असते. माउंट होण्याची घटना आयनोटिफाय सांगत नाही. युडिस्क्स२ वापरायची नसेल, तर प्रोक फोल्डरातली माउंटइन्फो ही फाइल पोल या फंक्शनला देऊन ठेवा. माउंटच्या यादीत बदल झाला की कर्नल आपल्याला जागे करतो.

क्यूटीतला क्यूस्टोरेजइन्फो हा वर्ग ५.४ आवृत्तीपासून दोन्हीकडे चालतो, पण तो फक्त यादी देतो, बदलाची सूचना देत नाही. यादी ताडण्यासाठी तो घ्या आणि जागे होण्यासाठी वर सांगितलेली साधने वापरा.

गल्लीतला_प्रोग्रामर

दर दोन सेकंदांनी यादी तपासण्याची पद्धत इथे सगळ्यांनी बाजूला सारली आहे, म्हणून तिच्या बाजूने थोडे लिहितो. ड्राइव्हांच्या अक्षरांचा संच विचारणारे फंक्शन इतके हलके आहे, की ते दर सेकंदाला बोलावले तरी संगणकाला त्याचा भार जाणवत नाही. भार होतो तो पुढे जाऊन प्रत्येक ड्राइव्हचे नाव, मोकळी जागा वगैरे विचारल्यामुळे. अशा प्रश्नामुळे झोपी गेलेली हार्ड डिस्क फिरू लागते, रीडरचा दिवा लुकलुकत राहतो आणि जुन्या प्रोग्राममध्ये ‘ड्राइव्हमध्ये डिस्क नाही’ अशी खिडकीही उघडते. ती खिडकी टाळण्यासाठी प्रोग्रामच्या आरंभीच एररमोड बदलून ठेवावा लागतो.

लिनक्सवर तर रीडरमध्ये कार्ड आले का, हे खुद्द कर्नलच ठरावीक वेळाने रीडरला विचारत असतो, कारण पुष्कळ रीडर स्वतःहून काही सांगत नाहीत. युडेव्हच्या नेहमीच्या नियमांत हा कालावधी २००० मिलिसेकंदांचा ठेवलेला असतो. म्हणजे वर आपल्याला जी सूचना मिळते, तिच्याखाली कुणीतरी दर दोन सेकंदांनी विचारतच असते. माझे मत असे आहे, की सूचना मुख्य ठेवावी आणि जोडीला अर्ध्या मिनिटाने एकदा अक्षरांच्या यादीची स्वस्त ताडणी ठेवावी. दोन्ही मिळून एकच फंक्शन बोलावतील, त्यामुळे कोडही वाढत नाही.

पेंगुइनवाली

कर्नलच्या पोलिंगचा, म्हणजे पुन्हापुन्हा विचारण्याचा, मुद्दा बरोबर आहे. त्यामुळे एक गोष्ट आणखी स्पष्ट होते. दोन सेकंदांच्या आत कार्ड काढून दुसरे घातले तर सूचना तरी मिळेल का, ही शंका रास्त आहे. बहुतेक रीडर ‘माध्यम बदलले असावे’ ही खूण जपून ठेवतात आणि पुढच्या प्रश्नाला ती उत्तरात देतात, म्हणून व्यवहारात सूचना मिळते. पण ज्या कामात एकही कार्ड हुकता कामा नये, तिथे ओळख पटवण्याचे काम स्वतंत्रपणे केलेच पाहिजे.

तिसरा_स्लॉट

ओळखीच्या प्रश्नावर मी बरेच प्रयोग केले, ते इथे मांडतो.

व्हॉल्यूमचे नाव बाद झाले, ते वर सांगितलेच आहे. त्यानंतर मी व्हॉल्यूमचा अनुक्रमांक घेतला. हा ३२ बिटांचा आकडा फॉरमॅट करताना लिहिला जातो, त्यामुळे तो कार्डाचा नसून त्या फॉरमॅटचा असतो. कार्ड कॅमेऱ्यात पुन्हा फॉरमॅट केले की तो बदलू शकतो, आणि कोणता कॅमेरा तिथे काय लिहील यावर विसंबणे मला धोक्याचे वाटले. मग मी यूएसबी उपकरणाच्या अनुक्रमांकाकडे वळलो. पेनड्राइव्हसाठी तो बऱ्यापैकी उपयोगी आहे, पण कार्डाच्या बाबतीत तो रीडरचा अनुक्रमांक असतो, म्हणजे तीनही स्लॉटांतल्या सर्व कार्डांना एकच. शिवाय काही स्वस्त उपकरणांना अनुक्रमांक नसतोच आणि तिथे विंडोज स्वतः एक ओळख तयार करते, जी पोर्ट बदलले की बदलते.

एसडी कार्डाच्या आत मात्र सीआयडी नावाची नोंद असते आणि तिच्यात निर्मात्याने दिलेला ३२ बिटांचा अनुक्रमांक असतो. लॅपटॉपमधला अंगचा स्लॉट थेट एमएमसी (मेमरी कार्डांच्या) नियंत्रकाला जोडलेला असेल तर लिनक्सवर ती नोंद सिस फोल्डरातून सहज वाचता येते. यूएसबी रीडरमधून ती सहसा मिळत नाही, कारण रीडर संगणकासमोर स्वतःला साधी डिस्क म्हणून सादर करतो.

त्यामुळे मी कार्डाची ओळख त्याच्यावरच्या मजकुरातून ठरवायचे पत्करले. व्हॉल्यूमचा अनुक्रमांक, एकूण क्षमता आणि डीसीआयएम (कॅमेरा छायाचित्रे ठेवतो त्या) फोल्डरातल्या सर्व फाइलींची नावे, आकार व वेळा यांवरून मी एक ठसा काढतो. ठसा आधी पाहिलेला नसेल तर कार्ड नवे समजून काम सुरू होते. ठसा ओळखीचा असला तरी हिरवी पट्टी लगेच दाखवत नाही, दोन्ही प्रती जागेवर आहेत का ते पाहूनच दाखवतो. फाइलच्या नावावर एकट्याने विसंबता येत नाही, कारण कॅमेऱ्याचा आकडा ९९९९ नंतर पुन्हा १ पासून सुरू होतो आणि दोन कॅमेऱ्यांत एकाच नावाच्या फाइली असणे हे रोजचेच आहे.

वेळा ताडताना एक बारीक गोष्ट लक्षात आली. ३२ जीबीपर्यंतची कार्डे बहुधा फॅट३२ असतात आणि त्या फाइल प्रणालीत बदलाची वेळ दोन सेकंदांच्या टप्प्याने, तीही स्थानिक वेळेनुसार नोंदवली जाते. मोठी कार्डे एक्सफॅट असतात, तिथे वेळेची नोंद अधिक बारीक असते. डिस्कवरच्या प्रतीशी वेळ ताडताना दोन सेकंदांची सूट दिली नाही, तर फाइल तीच असूनही वेगळी ठरते.

कार्डावर स्वतःची एखादी खुणेची फाइल लिहावी, असे मला एकाने सुचवले होते. ते मी केले नाही. ज्या कार्डावर कुणाच्या तरी लग्नाची एकमेव प्रत आहे, त्या कार्डावर प्रोग्रामने एक अक्षरही लिहू नये, असे मला ठामपणे वाटते.

जुनी_विंडोज

शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत.

आता कार्ड काढण्याबद्दल लिहितो, कारण येणे जितके महत्त्वाचे तितकेच जाणेही आहे. ‘उपकरण वापरात आहे’ असे सांगून विंडोज काढू देत नसेल, तर बहुतेक वेळा आपल्याच प्रोग्रामचे एखादे हँडल उघडे राहिलेले असते. सर्व फाइली बंद केल्या तरी प्रोग्रामचे चालू फोल्डर त्या कार्डावर असेल, तर तेही हँडलच असते. फाइल निवडण्याची जुनी खिडकी, चालू फोल्डर बदलू नको असे बजावले नाही, तर वापरकर्ता जिथे गेला तिथे ते बदलून ठेवते. एकदा ती खिडकी उघडून कार्डावरची फाइल निवडली की मग दिवसभर ते कार्ड सुटत नाही. फोल्डरवर पाळत ठेवणारे साधनही असेच हँडल धरून बसते.

यावर उपाय असा, की ज्या व्हॉल्यूमवर काम चालू आहे त्याचे हँडल देऊन नोंदणी करावी. मग काढण्याआधी विंडोज ८००१ हे मूल्य पाठवून परवानगी विचारते. प्रत उतरवणे चालू असेल तर नकार द्यावा, नसेल तर सर्व हँडल बंद करून होकार द्यावा. दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने नकार दिला तर ८००२ येते आणि आपण आपले काम पुन्हा मांडू शकतो. बाहेरच्या हार्ड डिस्कसाठी हे फार गरजेचे आहे. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून अशा डिस्कांसाठी ‘त्वरित काढणे’ हे धोरण मूळचे ठरवलेले असते, तरीही हिरवी पट्टी दाखवण्याआधी प्रत्येक फाइल फ्लश करून (मेमरीत राहिलेला मजकूर डिस्कवर लिहून) बंद झाली आहे याची खात्री प्रोग्रामनेच करावी.

सफरचंदी

मॅकवरचा अनुभव थोडक्यात नोंदवते. तिथे डिस्क आर्बिट्रेशन नावाची चौकट आहे. तिच्यात ‘डिस्क आली’ या घटनेसाठी नोंदणी केली, की आधीपासून जोडलेल्या डिस्कांसाठीही ती एकेकदा सूचना देते, त्यामुळे वर खुणेचा_दगड यांनी सांगितलेला पहिल्या यादीचा प्रश्न तिथे आपोआप सुटतो. मात्र सूचना येते तेव्हा व्हॉल्यूमचा मार्ग मिळालेला नसू शकतो, म्हणून वर्णन बदलल्याच्या सूचनेसाठीही नोंदणी करून मार्ग येईपर्यंत थांबावे. फक्त माउंट झाल्याचे कळणे पुरेसे असेल तर एनएसवर्कस्पेसची सूचना वापरावी, पण ती वर्कस्पेसच्या स्वतःच्या सूचना केंद्रावर येते. नेहमीच्या केंद्रावर नोंदणी केली तर काहीही येत नाही, आणि हे लक्षात यायला माझा अख्खा दिवस गेला होता.

एक प्रश्न आहे. स्टुडिओत कुणी कार्ड न काढता कॅमेराच केबलने जोडला, किंवा पाहुण्यांचा फोन जोडला तर?

तिसरा_स्लॉट

उत्तम प्रश्न. केबलने जोडलेला कॅमेरा पीटीपी किंवा एमटीपी या पद्धतीने बोलतो आणि हल्लीचे अँड्रॉइड फोनही एमटीपीच वापरतात. त्यांना ड्राइव्हचे अक्षर मिळत नाही, ते व्हॉल्यूम म्हणून दिसतच नाहीत, त्यामुळे वरची एकही पद्धत त्यांना लागू पडत नाही. त्यांच्यासाठी विंडोजमध्ये पोर्टेबल डिव्हाइसेसची वेगळी व्यवस्था आहे. मी सध्या एवढेच केले आहे, की त्या वर्गाचे उपकरण आल्याची सूचना मिळाली की पडद्यावर ‘कृपया कार्ड काढून रीडरमध्ये घाला’ अशी मोठी ओळ दिसते. प्रोग्राम गप्प राहिला तर माणूस प्रत झाली असे समजू शकतो, म्हणून जे जमत नाही तेही स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटले.

गल्लीतला_प्रोग्रामर

विंडोजची स्वतःची ‘या ड्राइव्हचे काय करू?’ असे विचारणारी खिडकी मध्ये येत नाही का?

जुनी_विंडोज

येते. आपली खिडकी समोर असेल तर ती उघडण्याआधी क्वेरीकॅन्सलऑटोप्ले नावाचा नोंदवलेला संदेश आपल्याला मिळतो आणि त्याला होकारार्थी मूल्य परत केले की ती उघडत नाही. आपली खिडकी मागे असेल तर मात्र हा मार्ग चालत नाही. त्या संगणकाचे काम एवढेच असेल, तर सेटिंगमधूनच ऑटोप्ले बंद करून टाका. कॉनफिकर या घातक प्रोग्रामच्या काळात पेनड्राइव्हवरच्या ऑटोरन फाइलीने घातलेला गोंधळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. विंडोज ७ मध्ये पेनड्राइव्हवरून आपोआप प्रोग्राम चालणे बंद झाले आणि २०११ च्या फेब्रुवारीत जुन्या आवृत्त्यांनाही तशी सुधारणा मिळाली, ती याच अनुभवातून. आपल्या प्रोग्रामनेही कार्डावरची फक्त छायाचित्रे व चित्रफिती उचलाव्यात आणि बाकी कशालाही हात लावू नये.

खुणेचा_दगड

चाचणीबद्दल कुणी लिहिलेले नाही. दर वेळी हाताने कार्ड घालून-काढून दोनशे वेळा तपासणे शक्य नसते. विंडोजवर डिस्कपार्ट वापरून आभासी डिस्कची फाइल जोडता आणि काढता येते, आणि तिच्यासाठी व्हॉल्यूम आल्या-गेल्याचे संदेशही येतात, त्यामुळे ही चाचणी एखाद्या स्क्रिप्टने रात्रभर चालवता येते. लिनक्सवर लूप उपकरणाने (फाइललाच डिस्क म्हणून दाखवण्याच्या सोयीने) तेच साधते आणि दुसऱ्या खिडकीत युडेव्हॲडम (udevadm) मॉनिटर चालू ठेवला की प्रत्येक वार्ता डोळ्यांसमोर उमटत राहते. मात्र माध्यम बदलल्याची चाचणी अशी होत नाही, तिच्यासाठी खरा रीडर आणि खरी कार्डेच लागतात.

तिसरा_स्लॉट

आपण सर्वांनी सांगितल्यानुसार बदल करून गेल्या आठवड्यात नवी आवृत्ती स्टुडिओत बसवली. संदेश आला की नोंद, अर्धा सेकंद शांतता, मग वेगळ्या थ्रेडवर यादीची ताडणी, व्हॉल्यूम तयार नसेल तर पाव सेकंदाच्या अंतराने दहा सेकंदांपर्यंत पुन्हा प्रयत्न, आणि तरीही वाचता आले नाही तर ‘कार्ड आले आहे, पण वाचता येत नाही’ अशी लाल पट्टी, असा आताचा क्रम आहे. ज्या क्षणी कार्ड निघते किंवा माध्यम बदलल्याचा झेंडा लागतो, त्या क्षणी त्या स्लॉटाची हिरवी पट्टी पुसली जाते. आधीच्या आवृत्तीत ती तशीच राहत होती आणि खरा घात त्यानेच झाला होता.

रीडरचा प्रत्येक स्लॉट प्रणालीला स्वतंत्र डिस्क म्हणून दिसतो, याचाही मी उपयोग करून घेतला. पडद्यावर आता रीडरच्या स्लॉटांप्रमाणेच तीन चौकोन आहेत, आणि प्रत्येक चौकोनात त्या कार्डावरच्या पहिल्या व शेवटच्या छायाचित्राची लहान प्रतिमा दिसते. शनिवारी रात्री मुलाने मुद्दाम एका कार्डाच्या जागी झटकन दुसरे घालून पाहिले. मधल्या चौकोनातली हळदीची प्रतिमा गेली, पट्टी राखाडी झाली आणि दोन-तीन सेकंदांत तिथे वरातीतला घोडा आला.